फोन निम्मे झाले पाहिजेत

६ जानेवारी, सोमवार

आजपासून नवी वही, कारण आजपासून मी पुन्हा कामावर आहे. एकतीस वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली, गेल्या जूनमध्ये निरोपाची शाल घेतली आणि त्यानंतरच्या सात महिन्यांत मला कुणी काही विचारलं नाही. संगीताने एकदा विचारलं, की तुम्ही दिवसभर असंच पंख्याखाली बसणार आहात का. ते धरायचं नाही.

कंपनीचं नाव राधासुंदर पशुआहार. वडवणीच्या बाहेर, बीडच्या रस्त्याला. जिल्ह्याच्या राजकारणातले जुने गडी राधाकिशन बप्पा आणि त्यांच्या सौभाग्यवती सुंदरबाई, दोघांची नावं जोडून कंपनीचं नाव झालं. कारभार मुलगा अमरसिंह पाहतो. अमरसिंहांची कन्या संस्कृती पुण्यात डिझाइन शिकली, तिने वेबसाइट केली आहे. दिसायला देखणी आहे. सुरुवातीला एक गाय धुक्यातून चालत येते. ती पोहोचेपर्यंत माझा चहा निवला.

अमरसिंह म्हणाले, "सर, वेबसाइटवर समदं हाय. तरी लोक फोनच करतेत. दिवसाला ऐंशी फोन! तुमी माहितीतले मानूस. मार्चअखेरपत्तूर फोन निम्मे करून दाखवा. झाले तर नोकरीची ऑर्डर पक्की, न्हाई झाले तर राम राम."

मी अट लेखी मागितली. नोकरीत एवढं शिकलो आहे. त्यांनी पोत्याच्या लेबलामागे लिहून सही करून दिली.

"फोन कमी झाले की एक टेबलबी मोकळं होईल," असंही ते म्हणाले. म्हणजे खिडकीपाशी फोनचं टेबल आहे ते. सध्या मला पोत्यांच्या थप्पीमागे बसवलं आहे आणि भुशाने शिंका येतात. निघताना ते टेबल वितीने मोजून घेतलं. माझं घरचं पुस्तकांचं रॅक शेजारी आरामात बसेल.

८ जानेवारी, बुधवार

फोनवर बबिता असते. पस्तिशीची, बोलायला चटपटीत. प्रत्येक फोनला वहीत एक रेघ मारते, त्यामुळे मोजदाद आयती मिळते. तिचा नवरा सुग्रीव मेंढरं घेऊन दिवाळीनंतर जो बाहेर पडतो तो पावसाळ्याच्या तोंडाशी परततो. ती आधी बरोबर फिरायची. या नोकरीमुळे इथे खोली घेऊन राहता येतं आणि दोन्ही मुलींची शाळा सुटत नाही, असं तिने सांगितलं. नोकरी नसेल तर मुलीही मेंढरांमागे जातील. ही माहिती वेबसाइटच्या कामाची नसल्याने विस्तार करत नाही.

वेबसाइटची साठा पडताळणी केली. एकूण पानं त्रेचाळीस. त्यांपैकी अकरा पानांवर फक्त बप्पांचे फोटो. एका फोटोत कडेला म्हशीचं शिंग दिसतं. पशुखाद्याशी संबंध तेवढाच.

१३ जानेवारी, सोमवार

वर्गीकरणाशिवाय माहिती म्हणजे नुसता ढीग. आज प्रत्येक पानाला, ग्रंथालयात पुस्तकांना देतात तसा, दशांश वर्गांक दिला. गाई-म्हशी ६३६.२, शेळ्या-मेंढ्या ६३६.३, कोंबड्या ६३६.५. संस्कृतीला पुण्याला फोन करून अंक ठळक लाल रंगात टाकून घेतले. ती म्हणाली, "काका, हे कशासाठी?" मी म्हणालो, जगभर असंच चालतं. उद्या संक्रांतीची सुट्टी आहे. परवा निकाल दिसेल.

१५ जानेवारी, बुधवार

निकाल दिसला. आजचे फोन एकशे एक्क्याण्णव.

सगळ्यांचा प्रश्न एकच. पोतं सहाशे छत्तीस रुपयाला झालं हे खरं का? गाईपेक्षा शेळीचं पोतं दहा पैसे महाग कावून? दुपारी तर चार जीप भरून माणसं थेट दारात आली. एकाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "ह्ये बगा, लाल अक्षरात लिवलंय." मी त्यांना दशांश पद्धती समजावून सांगू लागलो. ते शांतपणे ऐकून घेतात असं मला वाटलं, पण ते मालक येण्याची वाट पाहत होते.

अमरसिंहांनी जीपवाल्यांना चहा पाजून परत पाठवलं. अंक काढले. बबिताचा आवाज बसला आहे. जाताना तिने मला खडीसाखर दिली, खरं तर मीच तिला द्यायला हवी होती.

२२ जानेवारी, बुधवार

मुख्य पानासाठी स्वतः एक वाक्य लिहिलं. "घरात, गोठ्यात, शेतात, जनावराची काळजी आता आमच्यावर सोडा." अनुप्रास नाही, पण ओघ आहे. अमरसिंहांनाही आवडलं.

आज बबिता जेवायला गेली असताना फोन मी घेतला. युसूफ वडगावच्या बायनाबाई नावाच्या बाई होत्या.

"जनावर निघालंय. तुमी लिवलंय ना, आमच्यावर सोडा म्हनून? मंग या लवकर!"

मी फॉर्म पुढे ओढला. "जनावराचं वय किती?"

"मला काय ठावं! मी काय त्याची आई हाय का?"

"बरं. रंग?"

"काळं. वर पट्टे हायेत."

"गाभण आहे का?"

 बाई म्हणाल्या, "ते आंडी घालतंय म्हनतेत."

अंडी म्हटल्यावर प्रश्न कोंबड्यांच्या पानावर गेला. तरी खात्रीसाठी आकारमान विचारलं. चार हात लांब, असं उत्तर आलं. चार हात लांबीची कोंबडी माझ्या वाचनात नव्हती. तेवढ्यात बबिता हात न धुता धावत आली आणि फोन माझ्याकडून ओढून घेतला. "मावशी, मागं सरा. त्येच्यावर नजर ठिवा, पन जवळ जाऊ नका. सर्पमित्राचा नंबर देते, लिवा."

सापाला जनावर म्हणतात हे मला माहीत नाही असं कसं म्हणू? लहानपणी दिवेलागणीला साप हा शब्द काढला तर आई डोळे वटारायची. पण कार्यालयीन वेळेत ते डोक्यातच आलं नाही. वाक्य काढलं. बबिता संध्याकाळपर्यंत अधूनमधून पदर तोंडाला लावत होती.

३० जानेवारी, गुरुवार

आज मला फार महत्त्वाचा शोध लागला. तो बबिताच्या वहीत लागला हे खरं, पण लावला मी.

ती रेघ मारते आणि रेघेपुढे फोन करणाऱ्याचे शब्द लिहिते. कुणी सांगितलं नव्हतं, आपली लिहिते. "म्हैस आटली." "गाय पान्हा चोरती." "कालवड चपला खाती." आता आमच्या वेबसाइटवर काय आहे? "दुग्धोत्पादन वृद्धी" आणि "खनिज क्षार मिश्रण". ज्याची कालवड चपला खाते त्याने क्षार मिश्रण शोधायचं, हे त्याला कोण सांगणार?

"चपला खाती म्हनलं की क्षार कमी पडलेत, सर," बबिता म्हणाली. "दगड चाटती, फडकी चावती, समदं त्येच."

वाचक पुस्तक मागतो ते त्याच्या शब्दांत. म्हणून आम्ही ग्रंथालयाच्या तालिकेत 'पाहा' लिहिलेली कार्डं ठेवत असू. अमुक शब्दासाठी तमुक शब्द पाहा. आता तेच वेबसाइटवर करायचं. मोबाइलवर बोलून शोधलं तरी पान सापडलं पाहिजे. आजपासून पोत्यांमागची खुर्ची उचलून बबिताशेजारी ठेवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोनशे सत्तर शब्द झाले. बबिता सांगते, मी लिहितो. वगार, रेडकू, गोऱ्हा, करडू, कोकरू. एकेका दुखण्याला चार-चार नावं. काल आमचं 'आटणं' आणि 'भाकड' यांवरून भांडण झालं आणि बबिता जिंकली. एकतीस वर्षांत कुठल्या सहायकाबरोबर काम करताना इतकी मजा आली नव्हती. ती सहायक नाही, हे लिहिल्यावर लक्षात आलं. असो.

प्रत्येक वेळी तिला विचारणं बरं दिसत नाही, म्हणून आज काही कार्डं मी एकट्याने लावली. उदाहरणार्थ, "मेंढरू: पाहा, लहान जनावरांचा खुराक." शेळ्या-मेंढ्या लहान आणि गाई-म्हशी मोठ्या, एवढं तर मलाही कळतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोन अठ्ठावन्न! मी पेढे आणले. बबिताने पेढा घेतला आणि हातातच धरून विचारलं, "सर, चाळीसच्या खाली नक्की जानार का?"

तिला माझ्याबद्दल वाटणारी काळजी पाहून बरं वाटलं. मी म्हणालो, निर्धास्त राहा, मार्चअखेरपर्यंत नक्की जाणार.

तिने पेढा कागदात बांधला, मुलींसाठी असेल.

१० मार्च, सोमवार

फोन त्रेचाळीस.  शाळेचं वर्ष कधी संपतं, दाखला मधेच मिळतो का, असं काहीबाही बबिता विचारत होती. मी म्हणालो, अर्ज दिला की मिळतो. मग 'कासेला गाठ' याला किती शब्द आहेत ते विचारलं. तिने पाच सांगितले आणि पाचही बरोबर निघाले.

२१ मार्च, शुक्रवार

छत्तीस!

अमरसिंहांनी खांद्यावर हात ठेवला. "सर, मानलं तुमाला. एक तारखेपासून खिडकीचं टेबल तुमचं. ऑर्डर टाइप करायला सांगतो." घरी येऊन संगीताला सांगितलं. तिने विचारलं, "मग त्या पोरीला कुठं बसवणार?" मी म्हणालो, तो प्रशासनाचा प्रश्न आहे.

२२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही.

सकाळी मी बबिताला आनंदाने म्हणालो, "एक तारखेपासून मी या टेबलावर. तुला कुठे बसवणार आहेत?"

ती म्हणाली, "मेंढरामागं."

मला वाटलं थट्टा करते आहे. मी हसलो. ती हसली नाही.

"अमरसिंहभैय्यांनी पैल्याच दिवशी सांगितलंय मला. फोन निम्मे झाले की फोनवर मानूस कशाला पाहिजे? तुमाला म्हायती न्हवतं?"

मला माहीत नव्हतं. अडीच महिने मी त्या टेबलाची मापं घेत होतो आणि त्यावर कोण बसलं आहे ते पाहत नव्हतो. इतका मूर्ख माणूस ग्रंथालयशास्त्राची पदवी कशी मिळवतो?

मी विचारलं, "मग मला शब्द का सांगितलेस? गप्प बसायचं ना. फोन कमी झालेच नसते."

ती वहीवर रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "सर, सा वर्षं मी फोन घेतलाय. मला काय येतंय ह्ये कुनी कदी इचारलंच न्हाई. तुमी इचारलं. मला सांगावं वाटलं."

दिवसभर एकही शब्द लिहिला नाही. मला फार लाज वाटते आहे.

२५ मार्च, मंगळवार

अमरसिंहांना तीन पानी अहवाल दिला. शीर्षक: 'माहितीचा मूळ स्रोत म्हणून श्रीमती बबिता'. त्यांनी पहिलं पान वाचलं, उरलेली दोन उलटून पाहिली आणि म्हणाले, "सर, तुमच्या शब्दाला मान हाय. पन तिला जेवढं येत होतं तेवढं आता वेबसाइटवर आलंय ना?"  अहवाल परत घेऊन मी पायऱ्या उतरलो.

२७ मार्च, गुरुवार

अमरसिंहांच्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं.

बबिता रजेवर होती, मुलींच्या शाळेत दाखल्यांसाठी गेली होती. फोनवर मी. दुपारी तात्याबांचा फोन आला. नेकनूरकडच्या माळावर मेंढक्यांची वस्ती आहे, तिथले म्हातारे गृहस्थ. आवाज खुशीत होता.

"तुमचा खुराक लई चांगला हाय बरं का! नातवानं मोबाइलवर मेंढरू म्हनलं की लगीच दावलं. आट दिवस झाले घालतोय, सत्तर मेंढरांला. आनखी चार पोती लावून द्या."

मला काय आनंद झाला! माझ्या कार्डाने आणलेलं गिऱ्हाईक. फक्त पोत्याचा क्रमांक ठाऊक नव्हता, म्हणून बबिताला मोबाइल लावला. "तात्याबांना लहान जनावरांच्या खुराकाची चार पोती हवीत, मेंढरांसाठी. क्रमांक काय टाकू?"

ती इतक्या जोरात ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला.

"मेंढराला न्हाई! सर, लहान जनावर म्हंजी वासरू! कालवड, गोऱ्हा, रेडकू! त्या पोत्यात तांबं असतंय. वासराला चालतंय, मेंढराला सोसत न्हाई, साठून साठून मरतंय. आट दिवस झाले? आदी त्यांला बंद करायला सांगा, मंग डॉक्टरला पाठवा. लगीच!"

तात्याबांना परत फोन लावेपर्यंत तीनदा चुकीचा नंबर दाबला. पशुवैद्याला गाडी करून पाठवलं. संध्याकाळी निरोप आला. सत्तरच्या सत्तर मेंढरं ठीक आहेत. आणखी महिनाभर तो खुराक चालू राहिला असता तर ठीक राहिली नसती.

तात्याबांनी आठ दिवसांपूर्वी फोन का केला नाही? कारण वेबसाइटने उत्तर दिलं होतं. चुकीचं होतं, पण नीट, शुद्ध आणि ताबडतोब दिलं होतं. माझ्या त्या छत्तीस आकड्यात तो न आलेला एक फोन होता.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी झालं तसं सगळं अमरसिंहांना सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. कोपऱ्यात बप्पा वर्तमानपत्र वाचत होते. मला वाटलं ऐकत नाहीत.

वर्तमानपत्र खाली आलं. "कुनाची मेंढरं म्हनला? तात्याबाची? त्या वस्तीवर दोनशे अकरा मतं हायेत."

"बप्पा, मेंढरं वाचली," अमरसिंह म्हणाले.

"पोरीनं वाचवली. आन तू तिलाच काढायलास?"

"फोन कमी झालेत बप्पा, छत्तिसावर आलेत—"

"फोन कमी झाले म्हनून पेढे वाटतो का बे!" बप्पा उभे राहिले. "माझा फोन सकाळी पाचला वाजायचा. गटार तुंबलं, पोरीला स्थळ बगा, ट्रान्सफॉर्मर जळला. मी वैतागून एक मानूस ठिवला, फोन आवरायला. फोन बंद झाले. मला वाटलं लोक सुखी झाले. त्याच साली मी पडलो! लोक फोन करायचे थांबले म्हंजी ते दुसऱ्याला करायले, एवढं बी कळंना तुला?"

बबिता राहील, असं ठरलं. माझ्या तीन पानी अहवालाला जे जमलं नाही ते पडलेल्या निवडणुकीला जमलं.

बाहेर आल्यावर बबिताला सांगितलं. तिने पिशवीतून दाखल्यांचे अर्ज काढले, शाळेने सही करून दिलेले, आणि चार तुकडे केले. मग फोन वाजला आणि तिने तो घेतला.

२९ मार्च, शनिवार

दिवसभर बबिताला वेबसाइटचं पान कसं बदलायचं ते शिकवलं. आणि एक काम मी माझ्या जबाबदारीवर केलं. प्रत्येक पानावर, शीर्षकाच्याही वर, ठळक लिहिलं: "शंका असेल तर बबिताताईंना फोन करा." खाली नंबर. त्याने काय होणार हे मला माहीत होतं. गणित मलाही येतं.

३१ मार्च, सोमवार

फोन एकशे चार.

अमरसिंह मनाने वाईट नाहीत. त्यांनी मला चहा पाजला, मग ते लेबल पुढे ठेवलं. "सर, दोघं न्हाई परवडत. बप्पांनी तिचं सांगितलं, तुमचं काय बोलले न्हाईत. आन अट तर तुमीच लेखी मागितली होती."

मागितली होती खरी. ग्रंथालयात वाचक वाढले की ग्रंथपालाचं कौतुक होतं, पशुखाद्यात तसा नियम नाही. मी त्याच लेबलाखाली सही केली आणि वेबसाइटच्या पासवर्डचा कागद बबिताच्या हातात दिला. ती पाया पडायला वाकली. मी म्हणालो, अगं फोन वाजतो आहे. वाजत नव्हता.

घरी येताना वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. खूप वाईट वाटलं.  संगीताने वाढलेलं ताट समोर सरकवलं आणि स्वतःही शेजारी बसली.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी सहज वेबसाइट उघडली. धुकं आणि गाय दोन्ही गेली आहेत. बप्पांचे फोटो एका पानावर आले आहेत. संस्कृतीने काढले की बबिताने सांगितले, कळायला मार्ग नाही. मेंढरांचं पान नवं आहे. बबिताने लिहिलेलं पहिलं पान.

"वासराचा खूराक मेंढराला घालू नका. मरतंय. घातला आसंल तर आत्ता फोन करा. लाजू नका, इचारा. मी हाय."

मी पेन्सिल घेऊन बसलो. 'खूराक'मधला उकार ऱ्हस्व पाहिजे. 'इचारा' नव्हे, 'विचारा'. 'आसंल' आणि 'हाय' तर कंपनीच्या वेबसाइटवर शोभतच नाहीत. एवढ्या चार ओळींत चार चुका. तिला आत्ताच सांगितलेलं बरं, म्हणून फोन लावला.

लाइन बिझी.

दहा मिनिटांनी लावला, बिझी. चहा घेऊन लावला, बिझी. जेवणाआधी दोनदा लावला, दोन्ही वेळा बिझी.

सहाव्यांदा लावला नाही. चुका खोडरबराने माझ्या कागदावरूनच पुसल्या.